पेटीत मध शिल्लक असूनही मधमाश्या हिवाळ्यात मेल्या. या वर्षी पेटी गुंडाळली तर वाचतील का?

गुंडाळा जरूर. पण तुमच्या माश्या थंडीने मेल्या असं मला वाटत नाही. मधाने भरलेल्या चौकटी जागच्या जागी आणि तळाशी मूठभरच मेलेल्या माश्या, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून माझा पहिला संशय व्हरोआ माइटवर, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवीवर, जातो.

थंडीचा बंदोबस्त माश्या स्वतःच करतात. बाहेरचं तापमान साधारण १४ अंशांखाली उतरलं की त्या राणीभोवती दाटीने गोळा होतात. पेटी तापवायच्या भानगडीत त्या पडत नाहीत, ऊब फक्त घोळक्यापुरती. आतल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवत राहतात, बाहेरच्या थरातल्या डोकी आत करून दाटून बसतात. मध हे त्यांचं जळण. घोळक्यात अंडी-अळ्या असतील तर मधोमध ३४-३५ अंश टिकतात, बाहेर बर्फ पडत असला तरी. मात्र त्यासाठी माश्यांची संख्या हवी, आणि त्या हिवाळ्यासाठीच वाढलेल्या हव्यात.

उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. उन्हाळा सरताना आणि त्यानंतर जन्मलेली पाच-सहा महिने काढू शकते, कारण तिच्या पोटातल्या चरबीच्या थरात प्रथिनांचा भक्कम साठा असतो. व्हरोआ माशीचं रक्त पितो असंच बरीच वर्षं मानलं जायचं. तो मुख्यतः हा चरबीचा थरच खातो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. त्यात पंख वेडेवाकडे करणारा विषाणूही तोच पसरवतो. अशा माश्या हिवाळ्याच्या तोंडावर भराभर कमी होतात, बऱ्याच तर बाहेरच जाऊन मरतात. मग मध तसाच राहतो आणि खाणारं कुणी उरत नाही.

जुनी पेटी अजून साफ केली नसेल तर एक चौकट उजेडात धरा. अळ्या वाढत होत्या त्या भागातल्या रिकाम्या घरांच्या छताला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती व्हरोआची विष्ठा आहे. उलट, मेलेल्या माश्या घरांत डोकं खुपसून, शेपट्या बाहेर अशा अडकलेल्या असतील तर ती उपासमार. शेजारच्या चौकटीत मध असला तरी उपासमार होते. कडाक्याच्या थंडीत लहान घोळक्याला चार बोटं सरकणंही जमत नाही.

म्हणून खरं काम उन्हाळा संपता संपता, मध काढून झाल्या झाल्या करायचं. अळ्यांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३००, माश्या जाळीचं झाकण असलेल्या बरणीत घ्या. त्या चौकटीवर राणी नाही ना, हे दोनदा बघा. वर दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि जाळीतून साखर पांढऱ्या ताटात झटका. पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि तांबूस, चपटे माइट उरतात. ९ निघाले तर प्रमाण ३ टक्के झालं, आता थांबू नका. माइट मारायला फॉर्मिक ॲसिड किंवा थायमॉल वापरतात, पण दोन्हींना तापमानाच्या मर्यादा आहेत, त्या लेबलवर बघून पाळा. ऑक्झॅलिक ॲसिड मी ऐन हिवाळ्यासाठी राखतो. झाकण लावलेल्या घरात ते पोचत नाही, त्यामुळे राणीने अंडी घालणं थांबवलेलं असतानाच ते खरं कामी येतं.

साठ्याचं म्हणाल तर सौम्य हिवाळ्याला १५-२० किलो मध पुरतो, लांबलचक बर्फाळ हिवाळ्याला ३० ते ४० लागतो. कमी पडत असेल तर दोन भाग साखर, एक भाग पाणी असा घट्ट पाक थंडी पडण्याआधीच द्या. साखर पांढरीच घ्या. गूळ किंवा तपकिरी साखर नको, हिवाळ्यात बाहेर पडता येत नसताना त्याने माश्यांना हगवण लागते. राणी अडवणारी जाळीही काढून टाका, नाहीतर घोळका मधामागे वर सरकतो आणि राणी खाली गारठते. वसाहत अगदीच लहान असेल आणि रोगी नसेल, तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ती दुसरीत मिसळून टाकावी.

आता गुंडाळण्याबद्दल. माश्यांना कोरड्या थंडीपेक्षा ओल जास्त भोवते. त्यांच्या श्वासातली वाफ गार झाकणावर जमते आणि थेंब थेंब त्यांच्याच अंगावर पडते. त्यामुळे बाजूंपेक्षा आधी झाकणाखाली जाड फोम किंवा भुसा भरलेली उशी ठेवा, पेटी दाराकडे किंचित उतरती करा. दार लहान करा, उंदीर शिरणार नाही इतकं, पण बुजवू नका. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलेली पेटी पाहिली की माझा जीव वरखाली होतो.

मग हिवाळाभर पेटी उघडायची नाही. अधूनमधून मागून जराशी उचलून वजनाचा अंदाज घ्या. हिवाळा सरत आला की राणी पुन्हा अंडी घालते आणि मध झपाट्याने संपू लागतो. उपासमारीचे बहुतेक बळी याच दिवसांतले. पेटी हलकी लागली तर पातळ पाक न देता घोळक्याच्या अगदी वर फाँडंटची, म्हणजे साखरेच्या घट्टसर लगद्याची, वडी ठेवा.

मेलेल्या वसाहतीच्या त्या भरलेल्या चौकटी टाकू नका, पण दुसऱ्या पेटीला देण्याआधी अळ्यांच्या घरांची झाकणं तपासा. ती खचलेली, भोकं पडलेली असतील आणि आत काडी घातल्यावर तपकिरी चिकट तार निघत असेल तर तो फाउलब्रूड, म्हणजे अळ्या कुजवणारा संसर्गजन्य रोग. तसं असेल तर त्यातलं काहीच वापरू नका, थेट मधमाशी निरीक्षकांना कळवा. तसं काही नसेल तर चौकटी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे मेणकिडा मरेल, आणि खुशाल द्या.