केबलचा धंदा मुलाने पुढे न्यावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आर्णी तालुक्यातून तुम्ही लिहिता की, तुमचे यजमान पंचवीसेक वर्षांपासून गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत केबल चालवतात, कनेक्शने आता निम्म्यावर आली आहेत आणि यंदा विज्ञान शाखेतून बारावी झालेला मुलगा त्याच लाइनवरून इंटरनेट देऊ म्हणतो. त्याने पोलीस भरतीच्या तयारीला लागावे असे तुम्हाला वाटते. बुडत्या धंद्यात पोराला कसे घालायचे, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते मुलाचा विचार रास्त आहे, मात्र त्याने आजच धंद्यात उतरू नये. याचे कारण या धंद्याच्या इतिहासात आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

1991 च्या आखाती युद्धाच्या बातम्या परदेशी वाहिन्यांवर दिसू लागल्या, 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत केबल तालुक्यांपर्यंत पोचली. डिश, रिसीव्हर आणि चॅनेल तारेवर चढवणारा मॉड्युलेटर एवढ्या सामानावर कंट्रोल रूम उभी राही आणि कोणते चॅनेल दाखवायचे, चॅनेलवाल्या कंपन्यांना आपली कनेक्शने किती सांगायची, हे ऑपरेटर स्वतः ठरवी. 1995 च्या कायद्याने त्याला पोस्टात नोंदणी करावी लागली, तरी हिशेबाची वही त्याच्याच हाती राहिली. 2011 मध्ये कायदा बदलला आणि डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने आले. नागपूरसाठी मुदत मार्च 2013 ची होती, तर खेड्यांसाठी ती वाढत वाढत मार्च 2017 पर्यंत गेली. सेट-टॉप बॉक्स लागताच प्रत्येक ग्राहक मोठ्या कंपनीच्या संगणकात मोजला जाऊ लागला, चॅनेल चालू-बंद करण्याची सूत्रे कंपनीकडे गेली आणि खांबावर चढणे व वसुली करणे तेवढे ऑपरेटरकडे उरले. 2019 च्या दररचनेत पहिल्या शंभर चॅनेलचे मूळ शुल्क कर सोडून जास्तीत जास्त 130 रुपये ठरले. वेगळा करार नसेल तर त्यातला 45 टक्के वाटा, म्हणजे 58 रुपये 50 पैसे, स्थानिक ऑपरेटरचा ठरला. एवढ्यातच लाइनमनचा पगार, वीजबिल, पेट्रोल आणि कापूस विकल्यावर पैसे देणाऱ्या घरांची उधारी भागवावी लागली. त्यात एकीकडे फुकटची डीडी फ्री डिश आणि दुसरीकडे 2016 नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा. टीव्हीच्या त्या जुन्या कमाईवर मुलाचे आयुष्य बेतू नये, ही तुमची काळजी पूर्णपणे खरी आहे.

परंतु तुमच्या घराने या वर्षांत आणखी एक गोष्ट कमावली आहे, आणि ती मुलाला दिसते आहे. कोणत्या खांबावरून लाइन जाते, कोणाच्या अंगणातून ती नेता येते, बिल कोण वेळेवर देतो, हे यजमानांना तोंडपाठ आहे. बाहेरची कंपनी हे विकत घेऊ शकत नाही.

मात्र 'त्याच लाइनवरून' हे त्याचे म्हणणे दुरुस्त करायला हवे. जुन्या तांब्याच्या कोअ‍ॅक्सिअल तारेला ठरावीक अंतरावर वीज लागणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात आणि मृगाच्या विजांत ते किती जळतात, हे यजमान सांगतीलच. आता घरापर्यंत फायबरच, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार, न्यावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्राच्या एका पोर्टवरून निघालेली फायबर वाटेत वीज न घेता साधारण 20 किलोमीटर जाते आणि वाटेतल्या स्प्लिटरमधून अनेक घरांत विभागली जाते. प्रत्येक विभागणीत प्रकाश कमी होतो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात; आठ वाटा काढल्या की सुमारे 10 डेसिबल जातात, आणि घरातल्या यंत्रापाशी प्रकाश मोजणारा पॉवर मीटर उणे 27 च्या खाली गेला की ग्राहकाचा फोन आलाच समजा. हा हिशेब आणि केसाएवढी काच स्पिरिटने पुसून, सरळ कापून, स्प्लायसिंग मशीनवर जोडण्याची सफाई, ही खरी विद्या आहे. ती शिकलेल्या माणसाला गाव सोडावे लागले तरी काम मिळते.

म्हणून त्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या पदविकेला घाला. बारावी विज्ञान झाल्याने त्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो, म्हणजे शिक्षण दोन वर्षांत आटोपते. प्रवेश न मिळाल्यास आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेडही चांगला आहे. त्यानंतर वर्षभर त्याने यवतमाळ किंवा अमरावतीला दुसऱ्याच्या हाताखाली काम करावे, असा माझा आग्रह आहे. घरच्या धंद्यात चूक झाकली जाते, परक्या ठिकाणी ती सुधारावी लागते. सुट्टीत वडिलांबरोबर वसुलीला मात्र जरूर जावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो; तो स्वतः घ्यावा, नाहीतर परवानाधारक कंपनीचा भागीदार म्हणून काम करावे. सुरुवातीला दुसरा मार्गच परवडेल. खेड्यांत इंटरनेट नेण्यासाठी 2023 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या सुधारित भारतनेट योजनेतही खेड्यांतल्या घरांना जोडण्या देण्याचे काम स्थानिक उद्योजकांमार्फत करण्याची तरतूद आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीत करा. पण करार करताना फायबर कोणाच्या मालकीची, ग्राहकांची यादी कोणाकडे, वाटा किती, बिघाडाचा खर्च कोणाचा आणि करार मोडल्यास ग्राहक कोणाचे, हे कागदावर स्पष्ट करून घ्या. सेट-टॉप बॉक्सच्या वेळी हे प्रश्न न विचारता सह्या करणाऱ्या ऑपरेटरांच्या हातून धंदा गेला. केबलची नोंदणीही 2025 पासून पोस्टाऐवजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर पाच वर्षांसाठी होते; यजमानांची मुदत संपत आली असेल तर तेही पाहून घ्या.

पोलीस भरतीसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 28 वर्षे आहे, तेव्हा पदविका घेतल्याने ती वाट बंद होत नाही. त्याची स्वतःची इच्छा असेल तर सकाळचे धावणे चालू ठेवू द्या, पण तुमच्या भीतीपोटी त्याला मैदानावर पाठवू नका. कंपनीच्या कराराचा मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी त्याची प्रत मला पाठवा. मी वाचून कळवीन.