चर्चमध्ये 'सगळं छान आहे' म्हणते आणि घरी तसं काहीच नाही, मग मी ढोंगी आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती घरांमधून, त्यातही बायकांकडून इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहायचं ठरवलं. कोणी म्हणतं प्रार्थनेत मनच लागत नाही, कोणी म्हणतं मी देवाला फसवतेय असं वाटतं, पण थोडं बोलतं केलं की आतून बहुतेक तेच निघतं, रविवारची मी वेगळी आणि सोमवारची वेगळी. खालची केस त्या ताईंना विचारूनच सांगतेय आणि ज्यावरून ओळख पटेल ते सगळं बदललंय.

ताई चाळिशीतल्या, माहेर नगरकडचं, आजोबांपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये असलेलं घर, आता पुण्यात नोकरी. संडे स्कूलला शिकवतात, महिला मंडळात तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मिस्टरांना दारूचं व्यसन. मध्ये त्यांनी सोडली, काही महिने हात लावला नाही आणि एका रविवारी ताईंनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रभूने माझ्या घराला सोडवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी, कोणीतरी व्हिडिओ काढला, तो सगळ्या ग्रुपवर फिरला. आणि मग नाताळच्या आधी दारू परत सुरू झाली. आता हे सांगायचं कुणाला? साक्ष तर सगळ्यांनी ऐकलेली. मग दर रविवारी कोणी विचारलं, काय म्हणतात साहेब, की ह्या हसून म्हणायच्या, प्रभूची कृपा, एकदम छान.

माझ्याकडे त्या आल्या ते मात्र मुलासाठी. दहावीतला मुलगा चर्चला यायचा बंद झाला होता, त्याला समजवा म्हणाल्या. कारण विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, मॅडम तो म्हणतो मम्मी तू तिथे खोटं बोलतेस आणि मला ते बघवत नाही.

अशा केसमध्ये मी विश्वास वगैरे नंतर घेते, आधी विचारते घरात हात उचलला जातो का. इथे तसं नव्हतं, आरडाओरडा आणि पैशांची ओढाताण होती. जिथे मारहाण आहे तिथे आधी सुरक्षित व्हायचं, क्षमा केली म्हणजे मार खात राहायचं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

मग साक्षीबद्दल बोललो. ताईंना वाटत होतं की ती साक्षच खोटी ठरली, देवाचं नाव खराब झालं. मी सांगितलं की त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते त्या दिवशी खरंच होतं. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि सुटलेली दारू परत लागणं हे त्यात नेहमी दिसतं, त्यावरून तुमची प्रार्थना कमी पडली असं ठरत नाही. खोटं आलं ते त्याच्यानंतर, ती साक्ष टिकवून धरायच्या नादात.

त्यावर त्या म्हणाल्या मग काय सगळ्या चर्चला सांगू? अजिबात नाही. गेथशेमाने बागेतला, येशूला पकडून नेण्याआधीचा प्रसंग आठवा म्हटलं, त्या रात्री येशूने बाकीच्या शिष्यांना इथेच बसा म्हणून सांगितलं आणि पेत्र, याकोब, योहान ह्या तिघांनाच पुढे नेलं, आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की माझा जीव मरणाएवढा दुःखी झालाय. सगळ्यांना सांगितलं नाही आणि सांगितलं त्यांच्यापुढे हसराही चेहरा केला नाही. आपल्याकडे एक तर तोंड शिवून बसतात नाही तर 'प्रार्थनेचा विषय' म्हणून माइकवर जाहीर होतं आणि संध्याकाळपर्यंत नगरच्या मावशीला फोन गेलेला असतो, हे मी खूप बघितलंय आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. ताईंनी दोन माणसं निवडली, महिला मंडळातल्या एक वयस्कर आजी आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पाळकांना आधीच सांगा म्हटलं, साहेब, हे पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनात बोलायचं नाही. त्यांनी ते पाळलं, आणि आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या बाळ, माझ्या घरात वीस वर्षं हेच होतं. एवढी वर्षं दोघी एकाच बाकावर बसत होत्या.

प्रार्थनेचं म्हणाल तर ताई फक्त स्तुती आणि उपकारस्तुतीच करत होत्या, तक्रार केली की अविश्वास होतो असं लहानपणापासून मनात बसलेलं. मी त्यांना बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचायला लावलं, ते सुरूच होतं हे परमेश्वरा कुठवर म्हणून. आणि 88 वं तर शेवटपर्यंत उजेडातच येत नाही, अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. वाचता वाचता ताई रडल्या, असं रडायला जागाच नव्हती म्हणाल्या.

पण खरं सांगू का, मला चर्चमधल्या हसण्यापेक्षा काळजी वाटली ती रोजच्या दोन गोष्टींची. एक, मिस्टरांच्या ऑफिसला दर सोमवारी फोन करून ताप आलाय सांगायचं. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य त्या संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेतात, आणि सोमवारी हा फोन. तो बंद करायला त्यांना खूप जड गेलं, नोकरी गेली तर, ही भीती खोटी नव्हतीच. पण त्या थांबल्या आणि पहिल्यांदा मिस्टरांना ऑफिसला स्वतः फोन करावा लागला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कोणा नातेवाइकाने दारू सोडवायची गोळी आणून दिलेली, ती ताई प्रार्थना करून गुपचूप आमटीत कालवत होत्या. हे मी त्याच दिवशी बंद करायला लावलं. अशी डायसल्फिरामची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरने, पेशंटला सगळं सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. तसंच काही घरांत माणसाला कोंडून तीन दिवस उपास-प्रार्थना करतात, त्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू झटक्यात तोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट्स येऊ शकतात. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्यात नेऊन करा.

पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी हॉस्पिटलांमध्ये मानसोपचार विभाग असतो, एए च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस गटाच्या मीटिंगा तर बऱ्याच ठिकाणी चर्चच्याच हॉलमध्ये भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. मिस्टर लगेच तयार झाले नाहीत. ऑफिसमधून मेमो आला तेव्हा झाले, पाळक सोबत गेले.

आणि मुलगा. त्याला मी समजावलं नाही, ताईंनाच म्हटलं तुम्ही बोला. त्यांनी त्याला सांगितलं की बाळा तुझं बरोबर होतं, मी घाबरून खोटं बोलत होते. तो काही बोलला नाही म्हणे, पण रात्री पप्पांच्या औषधांची वेळ त्याने आपल्या मोबाइलमध्ये लावून घेतली. चर्चला अजून नेमाने येत नाही, कधीतरी येतो. ताईंना त्याची घाई होते, तेव्हा मी त्यांच्याच नगरचं उदाहरण देते, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली पाच वर्षं त्या माउलीने स्वतःची वाट स्वतः शोधली, नवऱ्याने घेतला म्हणून घेतला नाही. पोरालाही थोडा वेळ लागू दे.

सध्या मिस्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, मध्ये एकदा घसरले, परत गेले. रविवारी कोणी विचारलं तर ताई म्हणतात, अवघड चाललंय, प्रार्थना करा, पण जास्त विचारू नका. काहींना हे आवडलेलं नाही, साक्ष देऊन परत असं कसं म्हणतात. संडे स्कूल त्यांनी सोडलेलं नाही, आणि सोडावं असं मलाही वाटत नाही.

ज्यांच्या घरात असंच काही चालू आहे त्यांनी सरकारच्या टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं. बाईमाणसावर हात उचलला जात असेल तर महिला हेल्पलाइन 181.