बाबांचा शेक राहून गेला का?

फाइल टेबलावर ठेवायच्या आधीच मुलगा म्हणाला, "मॅडम, पैशाचा प्रश्न असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही रान विकू."

वडील शेजारी गप्प बसले होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमुळे उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढून पाच महिने झालेले, केमोचे चार डोस संपलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "शेकाची, म्हणजे रेडिएशनची, गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवायला या." तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नव्हती. चुलतीला स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर शेक दिला होता, ती आज ठणठणीत आहे. मग बाबांनाच का नाही? "गरज नाही" याचा अर्थ मुलाने "आता उपयोग नाही" असा लावला होता. हा अर्थ लावणारे मला दर महिन्याला भेटतात.

मी ऑपरेशननंतरचा रिपोर्ट उघडला. कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे तिथे आजार शिल्लक नाही. तपासलेल्या लसिका ग्रंथींपैकी (लिम्फ नोड) फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या एकाच ग्रंथीत आजार, छातीच्या मधल्या भागातल्या सगळ्या ग्रंथी मोकळ्या. हा कागद त्यांच्याच पिशवीत होता. तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता, आणि खरा घोळ तिथेच झाला होता.

स्तनाच्या शेकाचा हिशोब फुफ्फुसाला लागू पडत नाही, हे मी आधी सांगितलं. छातीच्या मधोमध शेक द्यायचा म्हणजे हृदय आणि उरलेलं फुफ्फुस वाटेत येतंच. 1998 साली नऊ चाचण्यांमधल्या 2128 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. ऑपरेशननंतर शेक न घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी 55 टक्के हयात होते, घेतलेल्यांपैकी 48 टक्के. मधल्या ग्रंथींपर्यंत आजार न पोचलेल्यांत तोटा जास्त दिसला.

"पण ती जुनी मशीन असतील ना?" मुलगा हुशार होता. बरोबर, त्यातल्या बऱ्याच जणांना जुन्या पद्धतीने शेक दिला होता. म्हणूनच युरोपात, मधल्या ग्रंथींत आजार असलेल्या 501 रुग्णांवर नव्याने चाचणी झाली. शेकाने छातीच्या मधल्या भागात आजार परतण्याचं प्रमाण घटलं, पण तीन वर्षांनी हयात असलेले जवळपास सारखेच निघाले: शेक घेतलेले 67 टक्के, न घेतलेले 69. हृदय-फुफ्फुसाचे गंभीर त्रास मात्र शेक घेतलेल्यांत जास्त.

म्हणजे शेक कुणालाच नाही असं नव्हे. कडेला आजार राहिला असेल तर डॉक्टर शेकाचा विचार करतात. मधल्या ग्रंथी बाधित असतील तर रुग्ण पाहून चर्चा होते. बाबा या दोन्हींत बसत नव्हते. "यापुढे आजार परतणारच नाही" असं मी म्हटलं नाही. तसं कुणी म्हणू शकत नाही, आणि म्हणणाऱ्यापासून सावध राहा असं मी घरच्यांना आवर्जून सांगते.

मुलगा खुर्चीत थोडा मागे रेलला. मग पहिल्यांदाच वडील बोलले. "ते शेकाचं राहू द्या. मला जिना चढताना दम का लागतो, ते सांगा. परत आला का तो?"

पाच महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारू दिला नव्हता. मीही पाऊण तास मुलाशीच बोलत होते. फुफ्फुसाचा भाग गेल्यावर दम लागू शकतो, पण नव्याने वाढलेला दम अंगावर काढायचा नाही. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही. मग फिजिओथेरपिस्टने श्वासाचे व्यायाम शिकवले.

पुढच्या भेटीला मुलाकडे रिपोर्टची झेरॉक्स होती, कडा आणि ग्रंथींच्या ओळींखाली पेनाने रेघा मारलेल्या. बाबांनी खिशातून चिठ्ठी काढली. घराच्या बावीस पायऱ्या, मध्ये एकदाच थांबून.