गाडीआधी भिंतीतील वायर पाहा : इलेक्ट्रिक गाडीविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, असे विचारणारी बरीच पत्रे माझ्याकडे साचली आहेत आणि त्यांतील बहुतेकांत बॅटरी किती वर्षे टिकेल हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आलेला आहे. ज्या वायरमधून ती बॅटरी रोज रात्री कित्येक तास भरली जाणार आहे, तिच्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. विद्युत सुरक्षेचे काम करणारा अभियंता म्हणून मला या गोष्टीची काळजी वाटते. म्हणून वारंवार येणाऱ्या प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची पेट्रोलची गाडी जुनी झाली आहे. रोजचा प्रवास सुमारे 40 किलोमीटर आणि महिन्यातून एखादा लांबचा प्रवास असतो. इलेक्ट्रिक गाडी घेणे फायद्याचे ठरेल का?

गाडी रात्री कोठे उभी राहते हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि निर्णय प्रामुख्याने त्यावरच अवलंबून आहे. 40 किलोमीटरसाठी साधारणपणे 6 ते 8 किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलावरील तितकीच युनिट, वीज लागते. स्वतःच्या जागेत सुरक्षित चार्जिंगची सोय असेल, तर एवढी वीज 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरवरही दोन-अडीच तासांत भरली जाते आणि सकाळी गाडी तयार असते. ही सोय नसेल, तर सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर अवलंबून राहावे लागते. तेथील वीज बहुधा घरच्यापेक्षा महाग असते आणि रांगेत जाणारा वेळ वेगळाच.

गाडीची किंमत तशाच पेट्रोल गाडीपेक्षा बहुतेक वेळा जास्त असते, आणि हा फरक इंधनाच्या व देखभालीच्या बचतीतून हळूहळू भरून निघतो. त्यामुळे जो जास्त फिरतो त्याचा फरक लवकर भरून निघतो आणि ज्याची गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर पडते त्याचा कदाचित कधीच भरून निघत नाही. विक्रेत्याने कागदावर मांडलेला हिशेब घेऊ नका. गेल्या वर्षभरातील स्वतःचे किलोमीटर, घरचा वीजदर आणि विम्याचा हप्ता घेऊन तो हिशेब स्वतः करा. पण त्याआधी घरचे वायरिंग परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घ्या, कारण त्याच्या दुरुस्तीचा खर्चही याच हिशेबात धरायचा आहे.

प्रश्न : पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते आणि तिची किंमत जवळजवळ गाडीइतकी असते, असे ओळखीचे सर्वजण सांगतात. हे खरे आहे का?

नाही. हे सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी इलेक्ट्रिक गाडी पाच वर्षे वापरली आहे, एवढे त्यांना विचारा. बहुतेकांच्या मनात मोबाइल फोनची बॅटरी असते. पण फोनच्या बॅटरीला थंड ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा नसते आणि ती रोज जवळजवळ रिकामी करून पूर्ण भरली जाते. बहुतेक गाड्यांत प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर व तापमानावर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा असते, पुष्कळ गाड्यांत द्रवाने थंड करण्याची सोय असते आणि क्षमतेचा काही भाग राखून ठेवलेला असतो. अनेक उत्पादक बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी देतात, आणि त्या काळात क्षमता मूळच्या 70 टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल करून देतात. शिवाय बिघाड झाला म्हणजे संपूर्ण बॅटरीच बदलावी लागते असेही नाही. काही रचनांमध्ये दोष असलेले मोड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, तेवढे बदलता येते.

बॅटरी म्हातारी होते हे मात्र खरे. ती वापराने झिजते आणि नुसती उभी असतानाही झिजते. उष्णता आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी ही झीज वाढवतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी रोजच्या वापरात 80 टक्क्यांपर्यंतच भरावी आणि प्रवासाला निघण्यापूर्वीच ती पूर्ण भरावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकार पूर्ण भरणे त्या मानाने चांगले सोसतो, आणि उरलेल्या चार्जचा अंदाज अचूक राहावा म्हणून काही उत्पादक तो आठवड्यातून एकदा पूर्ण भरण्यास सांगतात. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे हे माहितीपुस्तिकेत पाहा, आणि हमीच्या अटी खरेदीपूर्वी लेखी घ्या.

प्रश्न : पावसात चार्जिंग केले तर चालते का?

सुस्थितीतील केबल, बाहेरच्या वापरासाठी बनवलेला चार्जर आणि योग्य अर्थिंग असेल, तर चालते.

प्रश्न : जाहिरातीत 450 किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. प्रत्यक्षात महामार्गावर 310 च्या पुढे गाडी जात नाही. गाडीत दोष आहे का?

बहुधा दोष नाही. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. युरोपात 2017 पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत सरासरी वेग ताशी सुमारे 46 किलोमीटर असतो, तापमान 23 अंश सेल्सिअस असते आणि वातानुकूलन बंद असते. त्याआधीच्या एनईडीसी चाचणीत तर सरासरी वेग ताशी सुमारे 34 किलोमीटर होता, म्हणून तिचे आकडे आणखी फुगलेले असत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटर वेगाने जाताना तो सव्वादोन पट होतो. शहरात ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून काही ऊर्जा बॅटरीत परत आणते, तो लाभ महामार्गावर फारसा मिळत नाही. कडक थंडीत गाडी आतून गरम ठेवण्यासाठीही बॅटरीच खर्ची पडते.

चाचणीच्या अटी बारीक अक्षरांत आणि आकडा मोठ्या अक्षरांत छापणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीपूर्वी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, वातानुकूलन चालू ठेवून गाडी चालवून पाहिली पाहिजे. पल्ला अचानक किंवा दर महिन्याला कमी होत असेल, तर मात्र अधिकृत कार्यशाळेत बॅटरीची तपासणी करून घ्या.

प्रश्न : गाडी घेऊन चार महिने झाले. घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून चार्जिंग करतो. सुरुवातीला चार्जर अर्थिंग नसल्याचा लाल दिवा दाखवत होता. ओळखीच्या एका कारागिराने प्लगमध्ये एक छोटी वायर जोडून दिली, तेव्हापासून चार्जिंग होते. दोन महिन्यांपासून प्लग गरम होतो आणि कधी कधी जळका वास येतो. काही काळजीचे कारण आहे का?

आजपासून हे चार्जिंग बंद करा. पुढचे वाचण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तो प्लग काढा.

या एका पत्रात तीन धोके आहेत आणि तिन्ही मला इतर पत्रांतही दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला धोका एक्स्टेंशन बोर्डाचा. इस्त्री किंवा मिक्सर काही मिनिटे चालतो, पण बॅटरी बरीच उतरलेली असेल तर गाडी आठ-दहा तास न थांबता पूर्ण प्रवाह ओढते, आणि घरातील सामान्य सॉकेट, त्यातील पितळी पट्ट्या व स्क्रूचे जोड अशा सलग भारासाठी बनवलेले नसतात. एखाद्या सैल जोडाचा रोध केवळ 0.1 ओहम आहे असे समजा. 10 अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर 10 वॅट उष्णता निर्माण होते. 16 अँपिअरला ती 25 वॅटच्या वर जाते आणि 32 अँपिअरला 100 वॅटच्या वर. जुना 100 वॅटचा पेटता दिवा भिंतीत प्लास्टिकला चिकटवून ठेवल्यासारखाच हा प्रकार आहे. तापल्याने जोड आणखी सैल होतो, पृष्ठभाग काळवंडतो, रोध वाढतो आणि उष्णता त्याहून वाढते. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारी कळ, हे पाहू शकत नाही. प्रवाह मर्यादेतच असतो, म्हणून ती खाली पडत नाही, आणि 'एमसीबी आहे ना' या विश्वासावर घरातील माणसे झोपलेली असतात. वेटोळे करून ठेवलेल्या केबलमध्ये उष्णता कोंडते, हा त्यातला आणखी एक भाग.

दुसरा धोका त्या छोट्या वायरचा, आणि तो सर्वांत भयंकर आहे. तुमच्या वर्णनावरून कारागिराने न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) आणि अर्थ एकमेकांना जोडले असावेत. चार्जर जो इशारा देत होता तो खरा होता. कारागिराने इशाऱ्याचे तोंड बंद केले, दोष तसाच ठेवला. उद्या मागे कोठेही न्यूट्रल तुटली, तर गाडीचे संपूर्ण धातूचे अंग विद्युतभारित होईल आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसेल. हा जीवघेणा उपाय झटपट करून देणाऱ्यांविषयी मला तीव्र संताप आहे, आणि तो सर्रास केला जातो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

तिसरा धोका विलंबाचा. जळका वास दोन महिने येतो आहे आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत थांबलात! वास येतो तेव्हा विद्युतरोधक आवरण जळू लागलेले असते. अशा वेळी पत्र लिहू नये, मुख्य स्विच बंद करून त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवावे.

योग्य व्यवस्था अशी असते : वितरण पेटीपासून गाडीपर्यंत फक्त चार्जिंगसाठी स्वतंत्र वायर, तिची जाडी अंतर व प्रवाह यांच्या हिशेबाने ठरवलेली, स्वतंत्र एमसीबी, मोजून खात्री केलेले अर्थिंग, आणि गळती प्रवाह ओळखणारी आरसीसीबी. येथे एक बारकावा पुष्कळ वायरमनांनाही ठाऊक नसतो. गाडीच्या चार्जरमधून दोषाच्या वेळी डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) गळती होऊ शकते आणि ती 6 मिलिअँपिअरच्या पुढे गेली तर सामान्य आरसीसीबी नीट काम करीलच याची खात्री राहत नाही. म्हणून अशी डीसी गळतीही ओळखणारी बी प्रकारची आरसीसीबी किंवा डीसी गळती ओळखणारी सोय आत असलेला चार्जर आणि त्यासोबत ए प्रकारची आरसीसीबी लागते. 230 व्होल्टवर 32 अँपिअर म्हणजे 7.4 किलोवॅट, तुमची मंजूर वीजक्षमता तेवढी आहे का, हे वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेकडे आधी विचारावे लागेल. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि अर्थिंगचे मोजमाप लेखी मागा.

प्रश्न : रोज डीसी फास्ट चार्जिंग केल्याने बॅटरी खराब होते का?

अधूनमधून केल्याने नाही. रोज केल्यास, विशेषतः उष्ण हवेत, झीज वाढू शकते. 80 टक्क्यांनंतर वेग आपोआप कमी होतो, म्हणून पुढच्या 20 टक्क्यांसाठी ताटकळत बसू नका.

प्रश्न : बॅटरीचे आयुष्य दुप्पट करणारे उपकरण विक्रेता गाडीसोबत देत आहे. घ्यावे का?

घेऊ नका. उच्च व्होल्टेजच्या यंत्रणेला बाहेरचे काही जोडल्यास हमी रद्द होऊ शकते.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला सर्व्हिसिंग लागतच नाही ना?

लागते. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच आणि सायलेन्सर नसतात, पण ब्रेक फ्लुइड, बॅटरीचे शीतक, सस्पेन्शन आणि टायर असतात. गाडीचे वजन जास्त आणि जोर तत्काळ मिळत असल्याने टायर लवकर झिजू शकतात. ब्रेक कमी वापरले जात असल्याने डिस्कवर गंज चढू शकतो. शिवाय बहुतेक गाड्यांत 12 व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

प्रश्न : बॅटरी बनवताना इतके प्रदूषण होते की इलेक्ट्रिक गाडीचा पर्यावरणाला काहीच फायदा नाही, असे वाचले. आपले मत काय?

पहिला अर्धा भाग खरा, निष्कर्ष चुकीचा. बॅटरीच्या निर्मितीला खूप ऊर्जा लागते, त्यामुळे नवी इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून बाहेर पडताना पेट्रोल गाडीपेक्षा मोठे कार्बनचे ओझे घेऊन येते. पुढे पेट्रोल गाडी प्रत्येक किलोमीटरला धूर सोडते आणि तिच्या इंधनातील ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, तर विद्युत मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते. ते ओझे किती किलोमीटरनंतर फिटेल, हे वीज कोळशापासून येते की पाणी, वारा, सूर्य यांपासून, आणि बॅटरी केवढी आहे यांवर ठरते. म्हणून गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेऊ नये, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. त्यांनी चार्जिंग केलेले चालेल का?

हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळते आहे. कशाकडे लक्ष द्यावे?

बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागा. पडद्यावर दिसणारी 'शंभर टक्के' ही आजची भरलेली पातळी असते, उरलेली क्षमता नव्हे, आणि विक्रेते या गोंधळाचा फायदा घेतात. अहवाल अधिकृत कार्यशाळेने काढलेला असावा, हमी नव्या मालकाकडे जाते का हे लेखी मिळावे, आणि गाडी कधी अपघातात सापडली होती का किंवा पाण्यात बुडाली होती का याची नोंद पाहावी. विक्रेता अहवाल देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर व्यवहार सोडून द्या.

प्रश्न : पुरात गाडी रात्रभर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ती व्यवस्थित सुरू झाली. आता चार्जिंगला लावू का?

लावू नका आणि चालवूही नका. बॅटरीच्या पेटीत पाणी शिरले असेल, तर आतील गंज आणि शॉर्टसर्किट यांमुळे आग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही लागू शकते. खारे पाणी असेल तर धोका आणखी वाढतो. उत्पादकाच्या मदत क्रमांकावर आजच कळवा, गाडीला कोणालाही हात लावू देऊ नका, आणि ती हलवायची झाल्यास त्यांच्या माणसांकडूनच, चाके जमिनीला न लावता, घरापासून व इतर वाहनांपासून दूर मोकळ्या जागेत न्यायला सांगा. धूर, फसफस किंवा गोडसर रासायनिक वास जाणवला, तर लांब जा आणि अग्निशमन दलाला बोलवा. गाडी इलेक्ट्रिक आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.