वाचकांचे प्रश्न : अ‍ॅलॉय चाकांची चमक कशी टिकवावी?

पावसाळा संपता संपता अ‍ॅलॉय चाकांविषयीची पत्रे दरवर्षी वाढतात. यंदाच्या पत्रांपैकी चार प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या प्रश्नांचे मूळही बहुतांशी तेथेच आहे.

प्रश्न : माझ्या गाडीला डायमंड कट चाके आहेत. गाडी घेऊन तीन वर्षेही झालेली नाहीत, तरी चाकांच्या आऱ्यांच्या कडेला पारदर्शक थराखाली पांढरट, अळीसारख्या वळवळत गेलेल्या रेषा दिसू लागल्या आहेत. मी गाडी नियमित धुतो. या रेषा पॉलिशने जातील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पॉलिशने त्या जाणार नाहीत, कारण त्या थराच्या वर नसून थराखाली आहेत. अ‍ॅलॉय चाक हे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचे असते. साध्या रंगीत चाकावर आधी रासायनिक प्रक्रियेचा पातळ थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक लाखेचा थर, म्हणजे क्लिअर कोट, अशी संरक्षणाची उतरंड असते. डायमंड कट चाक मात्र आधी रंगवतात आणि नंतर लेथवर, म्हणजे धातू फिरवून तासणाऱ्या यंत्रावर, त्याचा दर्शनी भाग तासून धातू उघडा करतात, त्यामुळे त्या चकचकीत भागावर प्रायमर आणि रंग उरत नाहीत आणि केवळ क्लिअर कोटच धातूचे रक्षण करतो. शिवाय तासलेला भाग आणि रंगवलेला भाग जेथे मिळतात, तेथे धारदार कड तयार होते आणि धारेवर कोणतीही लाख पातळच बसते.

या कडेवर खडी लागली किंवा बारीकसा ओरखडा उमटला, की ओलावा आणि मीठ आत शिरते. पुढचा गंज सूक्ष्म तंतूंच्या रूपाने थराखालून सरकतो. तंतूच्या टोकाशी आम्लधर्मी ओलावा असतो व तो धातू खात पुढे जातो, तर मागे राहिलेल्या शेपटीत अ‍ॅल्युमिनियमची पांढरट संयुगे साठतात. आपल्याला दिसणाऱ्या रेषा म्हणजे ही शेपटीच होय. या प्रकाराला दमट हवा आणि मिठातील क्लोराईड लागते, आणि किनारपट्टीवर दोन्ही मुबलक आहेत. म्हणून आपण निष्काळजीपणा केला असे समजू नये. चाकाचा हा प्रकारच आपल्या हवेला सोसणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे जुना थर रसायनाने उतरवून चाक पुन्हा लेथवर तासून घेणे आणि नव्याने क्लिअर कोट देणे. याने चाक नव्यासारखे दिसते, परंतु प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे हे काम वारंवार करता येत नाही; आणि कोकणात राहायचे तर तीच तक्रार पुन्हा उद्भवणार हेही गृहीत धरावे. दुसरा उपाय म्हणजे डायमंड कटचा मोह सोडून संपूर्ण चाक प्रायमरसह रंगवून किंवा पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड चढवून भट्टीत भाजण्याचे काम, करून घेणे. मी आपल्याला हाच सुचवेन.

पावडर कोटिंग करणाऱ्याला दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजली जाते; चाकाच्या धातूची ताकद मात्र कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, म्हणून भट्टीचे तापमान आणि वेळ यांवर त्याचे नियंत्रण असणे आवश्यक आहे. दुसरे असे, की नट जेथे बसतात त्या खोबणी आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाला, टेकणारा मागचा पृष्ठभाग कोटिंगपासून झाकून ठेवायला हवा. तेथे जाड थर बसला तर तो दाबाखाली दबतो आणि नट सैल पडू शकतात. चाके परत बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा तपासून घ्यावेत.

प्रश्न : माझ्या गाडीची पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळपट-तपकिरी होतात. वॉशिंग सेंटरवाला त्यावर कसले तरी पाणी फवारतो आणि मिनिटभरात चाक स्वच्छ होते. ते सुरक्षित असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे पुढचे ब्रेक अधिक काम करतात, शिवाय आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असल्याने मागची धूळ ड्रमच्या आतच राहते. पुढच्या धुळीत डिस्कचे लोखंडी कण आणि पॅडचा चुरा असतो. हे कण तापलेल्या अवस्थेत उडून क्लिअर कोटला चिकटतात, तेथेच गंजतात, आणि मग नुसत्या शाम्पूने निघत नाहीत.

त्या फवाऱ्याविषयी काळजी वाटणे योग्यच आहे. झटपट काम करणाऱ्या काही द्रवांत तीव्र आम्ल असते, काहींत कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्क असतो. अ‍ॅल्युमिनियमला दोन्ही सोसत नाहीत. धुण्याच्या सोड्याने घासलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, तसेच येथेही घडते. थर अखंड असेल तर एखाद्या वेळी काही दिसणार नाही, पण जेथे तो फुटलेला आहे तेथे द्रव थेट धातूला भिडतो. काही द्रवांत फ्लोराईडयुक्त आम्ले असतात आणि ती माणसाच्या त्वचेलाही अत्यंत घातक आहेत. ते काम उघड्या हातांनी करणाऱ्या मुलांची मला अधिक चिंता वाटते. बाटली पाहण्यास मागावी, आणि लेबल नसेल तर चाकांवर केवळ शाम्पू वापरण्यास सांगावे.

घरी करायचे झाल्यास चाक पूर्ण थंड असताना आधी भरपूर पाण्याने धूळ उडवून द्यावी. मग गाडीच्या शाम्पूने आणि मऊ ब्रशने आतली बाजू, आरे आणि नटांच्या खाचा घासाव्यात. चाकांची बादली आणि कापड वेगळे ठेवावे, कारण त्यातील लोखंडी कण बॉडीच्या रंगावर ओरखडे काढतात. एवढ्यानेही तपकिरी ठिपके राहिले तर उदासीन सामू असलेला, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा, लोहकण काढणारा क्लीनर वापरावा. त्यातील अमोनियम थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते, म्हणून कोठे कण अडकले आहेत ते डोळ्यांना दिसते. त्याला उग्र वास असतो. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि सावलीत काम करावे व द्रव वाळण्यापूर्वी धुऊन टाकावा. शेवटी गाडी थोडी चालवून ब्रेक हलकेच दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतील.

प्रश्न : आमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे. चाकांवर पांढरे डाग राहतात. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ते क्षारांचे डाग आहेत. पाणी चाकावर वाळू न देता लगेच मायक्रोफायबर कापडाने पुसणे हाच खरा उपाय आहे. जुने डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून, अल्पवेळ लावून व लगेच धुऊन काढता येतात; मात्र थर उखडलेल्या जागी हे मिश्रण लावू नये.

प्रश्न : चाकांवर मेण लावावे की सिरॅमिक कोटिंग करावे? तसेच टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करताना कडेला चरे पडले आहेत, त्यांचे काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कार्नुबा मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. कसारा घाट उतरताना ब्रेकजवळची उष्णता पाहता चाकावर ते फार टिकत नाही. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट अधिक काळ राहते आणि घरी लावता येते. सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ असते व त्यावर धूळ कमी चिकटते, पण ते खडीचा मार किंवा दुभाजकाचा घासा थोपवत नाही आणि थराखाली सुरू झालेला गंज तर मुळीच थांबवत नाही. म्हणून ते करायचेच असेल तर चाके नवी असताना करावे. टायर बदलताना चाके निघतात तेव्हा आतल्या बाजूलाही लेप देऊन घ्यावा, कारण ब्रेकची धूळ तेथेच सर्वाधिक साठते.

चरे किरकोळ असतील तर ते उघडे ठेवू नयेत. ती जागा स्वच्छ करून, बारीक पॉलिश पेपरने कडा मऊ करून, खोलगट भागात लांबी (पुट्टी) भरून रंग आणि क्लिअर कोट द्यावा. चीर किंवा तडा असेल तर रंगाचा विचार सोडून चाक बदलावे. वेल्डिंग केलेल्या चाकावर घाट उतरू नये. पुढच्या वेळी दुकानात बॅलन्सिंगसाठी कडेला ठोकून बसवायच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजने लावण्यास सांगावे आणि नटांसाठी प्लास्टिकचे आवरण असलेला पाना आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे.