गोल खाणाऱ्या संघाचा भाव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘काका, फुटबॉलच्या सट्ट्यात जो संघ दर सामन्यात गोल खातो, त्याच्या सामन्यात “दोन्ही संघ गोल करतील” याला डोळे झाकून हो म्हणायचं, यात चुकण्यासारखं काय?’ विरार लोकलमध्ये मोबाइलवर भाव बघत बसलेल्या पोरांचाही हिशेब हाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेफिल्ड युनायटेड घे. २०२३-२४ च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्यांनी ३८ सामन्यांत १०४ गोल खाल्ले. लीगच्या इतिहासात एका मोसमात एवढे कुणीच खाल्ले नव्हते. तुझ्या हिशेबाने हे घबाडच. आता २४ सप्टेंबर २०२३ चा न्यूकॅसलविरुद्धचा त्यांचा घरचा सामना बघ. न्यूकॅसलने आठ गोल मारले, तेही आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी. शेफिल्डचा भोपळा. ‘अडीचपेक्षा जास्त गोल’, म्हणजे दोघांचे मिळून किमान तीन, म्हणणारा आरामात जिंकला, ‘दोन्ही संघ’ म्हणणारा बुडाला. मार्चमध्ये त्याच मैदानावर आर्सेनलने सहा मारले, पुन्हा यांचा शून्य. चेंडू पायात टिकतच नसेल तर गोल खाणार भरपूर, पण करणार कधी? अख्ख्या मोसमात त्यांनी केले ३५.

म्हणजे तुला दोन वेगळे प्रश्न सोडवायचे आहेत: यजमान गोल करतील का, आणि पाहुणे करतील का. समज, यजमानांकडून सरासरी १.६ गोल अपेक्षित आहेत आणि पाहुण्यांकडून १.१. कॉलेजात शिकलास ते पॉयसन वितरण, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन गोलांची शक्यता काढायचं सूत्र, इथे कामाला येतं. यजमान किमान एक गोल करण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, पाहुण्यांची ६७. गुणाकार ५३ टक्के. चकित झालास ना? दोन्ही बाजू गोल करण्याजोग्या, तरी गोष्ट जेमतेम निम्म्याच्या वर. (दोन्ही शक्यता स्वतंत्र धरल्यात; प्रत्यक्षात एक गोल झाला की मागे पडलेला संघ बचाव सोडून पुढे येतो आणि गणित हलतं.)

५३ टक्क्यांचा रास्त भाव, म्हणजे एक भागिले शक्यता, साधारण १.८८. बुकी तो देणार नाही. तो १.८० देईल, म्हणजे शंभर लावून जिंकलास तर मुद्दलासकट १८० हातात. अशा सौद्यांत शंभरामागे सरासरी चार रुपये तुझ्या खिशातून जातात. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींना १.९० भाव असेल तर एक भागिले १.९० दोनदा करून बेरीज घे: १०५ टक्के. वरचे पाच बुकीचे. आणि संघ किती गोल खातो हे त्या भावात आधीच मोजलेलं असतं. तुला दिसतं ते त्याला आधी दिसलेलं आहे.

खाल्लेल्या गोलांचा आकडाही जपून वाच. पाचपैकी दोन पेनल्टीवर, एक लाल कार्डानंतर दहाजण उरल्यावर, असं असेल तर बचाव वाटतो तितका वाईट नसतो. प्रतिस्पर्ध्यांना कुठून, किती चांगल्या संधी मिळाल्या ते बघ. अपेक्षित गोल म्हणजे एक्सजी हा आकडा त्यासाठीच निघाला. पाच-सहा सामन्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांचं मला तर हसूच येतं.

पैशाचं बोलायचं तर मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, बँकेतून त्यांचे व्यवहार करणं, सगळ्यावर बंदी घातली. टेलिग्रामवर ‘फिक्स टीप’ विकणाऱ्यांना तर थेट ब्लॉक कर. खरी टीप असती तर ती पाचशे रुपयांना कशाला विकली असती?

तू एक वही ठेव. दर शनिवारी सामन्याआधी स्वतःची टक्केवारी लिही, शेजारी बाजारभाव, नंतर निकाल. पैसा एकही नाही. अंधेरीला मुंबई सिटीचा सामना असेल तेव्हा दोघे जाऊ. तू पाहुण्यांचे फटके मोज, मी आपल्या बचावाकडे बघतो.

तुझा,
काका