फ्लॅटच्या कामाला टेप कोणती घ्यावी? लांबीआधी हुक तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या जुन्या टूबीएचके फ्लॅटचं काम काढलंय, ओट्याच्या ग्रॅनाइटचं माप सुताराने फोनवर सांगितलं आणि दगड अर्ध्या इंचाहून जास्त रुंद कापून आला. आता स्वतःची टेप घ्यायची आहे. 3, 5 की 8 मीटरची घ्यावी, की सरळ लेझर (प्रकाशाच्या ठिपक्याने अंतर मोजणारं यंत्र) घ्यावा? आणि पुढच्या वर्षी गावाकडे घर बांधायचंय, तिथे हीच टेप चालेल का? बांधकाम आणि इंटिरियरच्या साइटवर सुपरव्हिजन हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅटसाठी 5 मीटरची, 19 मिमी रुंद पट्टीची, मिलिमीटर आणि इंच दोन्ही ठळक छापलेली स्टीलची टेप घ्या. पण तुमच्या ग्रॅनाइटची चूक टेपमुळे झालेली नसावी. कुठलीही बरी टेप ओट्याच्या रुंदीत अर्धा इंच चुकत नाही. माझा कयास सांगतो. सुताराने 2 फूट 3 इंच मोजलं आणि फोनवर "दोन पॉइंट तीन" सांगितलं. समोरच्याने ते 2.3 फूट असं घेतलं. 2 फूट 3 इंच म्हणजे 685.8 मिमी आणि 2.3 फूट म्हणजे 701 मिमी. फरक 15 मिमी, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. हा गोंधळ साइटवर सतत होतो, आणि त्यावर महागडी टेप हा उपाय नाही. उपाय असा की घरातलं प्रत्येक माप मिलिमीटरमध्येच मोजायचं, लिहायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच पाठवायचं. "686 मिमी" या आकड्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

सुतार सूत वापरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. "अडीच फूट तीन सूत" हे सुताराला पक्कं कळतं, त्याचा हात त्यावरच बसलेला असतो, आणि त्याला ते सोडायला लावू नये. त्याचं काम त्याला त्याच्या मापात करू द्या. पण माप एकाकडून दुसऱ्याकडे जातं, सुताराकडून दगडवाल्याकडे, दगडवाल्याकडून प्लंबरकडे, तिथे मिमीच हवेत. म्हणूनच टेपवर दोन्ही मापं हवीत आणि मिमीच्या रेघा कमजोर डोळ्यांनाही दिसतील इतक्या स्पष्ट हव्यात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली टेप असेल तर ती बाजूला ठेवा. त्यातल्या बऱ्याच टेपांवर फक्त फूट-इंच असतात, इंचाचे सोळा भाग केलेले असतात, आणि दर 16 इंचांवरच्या खुणा तिकडच्या लाकडी सांगाड्याच्या भिंतींसाठी असतात. आपल्या विटांच्या आणि ब्लॉकच्या भिंतींना त्यांचा काही उपयोग नाही.

लांबीचं गणित सोपं आहे. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 3.05 बाय 3.66 मीटर, तिचा कर्ण 4.76 मीटर. म्हणजे बेडरूमचा कर्णसुद्धा 5 मीटरच्या टेपमध्ये बसतो, आणि फरशी घालण्याआधी खोली काटकोनात आहे का हे कर्णावरूनच कळतं. 3 मीटरची टेप तिथे अपुरी पडते. 8 मीटरची बहुतेक 25 मिमी रुंद असते, जड असते आणि खिशात मावत नाही. तिचा फायदा एवढाच की एकट्याने मोजताना पट्टी हवेत लांबवर सरळ राहते. एकट्यानेच छताजवळची मापं घ्यायची असतील तर 25 मिमी घ्या, नाहीतर 19 पुरे. 13 मिमीची पट्टी मात्र नको, हात-दीड हात पुढे गेली की वाकायला लागते.

आता हुक. टेप घेताना लोक लांबी बघतात, रबराची पकड बघतात, आणि जिथून शून्य सुरू होतं त्या पत्र्याच्या तुकड्याकडे कोणी पाहत नाही. हुक रिवेटमध्ये किंचित मागेपुढे हलतो. नव्या टेपमध्ये तो हलताना दिसला की गिऱ्हाईक ती परत करतं, आणि काही मिस्त्री तर तो ठोकून घट्ट करतात. असं कधीही करू देऊ नका. हुकचं ते हलणं त्याच्या स्वतःच्या जाडीइतकंच ठेवलेलं असतं. प्लायच्या कडेला अडकवून ओढलात की हुक तेवढा बाहेर सरकतो आणि शून्य हुकच्या आतल्या बाजूला येतं. भिंतीला टेकवून दाबलात की तो आत सरकतो आणि शून्य बाहेरच्या बाजूला येतं. हुक घट्ट केला की या दोनपैकी एक माप कायमचं चुकतं.

तपासायची रीत अशी. काटकोनात कापलेला प्लायचा साधारण 300 मिमीचा तुकडा घ्या. हुक कडेला अडकवून त्याची लांबी वाचा. मग तोच तुकडा भिंतीला टेकवून ठेवा, त्याच्या शेजारी टेपही भिंतीला टेकवा आणि तुकड्याची दुसरी कड टेपवर कुठे येते ते वाचा. दोन्ही आकडे एकच यायला हवेत. आले नाहीत तर स्टीलच्या फूटपट्टीचे 300 मिमी टेपच्या 100 ते 400 या भागाशी ताडून पाहा. तिथे जुळलं तर छपाई ठीक आहे आणि हुक वाकलाय. दुकानात प्लाय नसतो, पण काउंटरची कड असते, स्टीलची फूटपट्टी विकायला असतेच. चांगला दुकानदार हे करू देतो.

जुन्या टेपचा हुक वाकला असेल आणि काम तर आजच करायचं असेल, तर शून्य सोडून 100 च्या रेघेपासून मोजा आणि शेवटी 100 वजा करा. मोठ्या आवाजात म्हणून वजा करा, कारण विसरलात तर तुकडा 10 सेंटीमीटर चुकेल.

पट्टीच्या सुरुवातीलाच बऱ्याच टेपांवर रोमन आकडा छापलेला असतो, I किंवा II किंवा III. ते अचूकतेचे युरोपीय वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाच्या टेपला 5 मीटरमागे 1.3 मिमीपर्यंत फरकाची मुभा असते, पहिल्या वर्गाला 0.6 मिमी, तिसऱ्याला 2.6 मिमी. घरकामाला दुसरा वर्ग भरपूर झाला. आकडाच छापलेला नाही अशी टेप मी घेत नाही. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का तेही पाहा. फ्रीमन्स, स्टॅनली, टपारिया ही नावं हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, यातली कुठलीही घेतलीत तरी माझी हरकत नाही. फक्त फुटपाथवरची, नाव थोडं बदलून छापलेली टेप नको.

चकचकीत पिवळ्या रंगापेक्षा मॅट पट्टी घ्या, ट्यूबलाइटखाली वाचायला त्रास होत नाही. वरती नायलॉनचा थर असेल तर रेघा लवकर पुसल्या जात नाहीत. सिमेंट आणि पीओपीच्या धुळीत साधी रंगवलेली पट्टी फार टिकत नाही, आणि सगळ्यात आधी पहिले पंधरा-वीस सेंटीमीटर जातात, कारण तेच रोज घासले जातात. चुंबकाचा हुक लोखंडी काम करणाऱ्यांना बरा. आपल्याकडे त्याला ग्रिलवाल्याच्या कटिंगचा कीस चिकटून बसतो आणि शून्य बिघडतं. बटण सोडून पट्टी फाडकन आत जाऊ देऊ नका, बोटाने धरून हळू आत घ्या. हुकचे रिवेट त्या दणक्यानेच ढिले होतात. ओली पट्टी पुसल्याशिवाय गुंडाळायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच. आणि वायरिंग उघडं असेल तिथे स्टीलची टेप नेऊ नका, त्यातून वीज वाहते.

टेप कितीही चांगली असली तरी फुटांची बोली भाषा फसवते, आणि फरशीत ती सगळ्यात महाग पडते. दुकानात "दोन बाय दोन" म्हणून मिळणारी टाइल 600 मिमीची असते. खरे 2 फूट म्हणजे 609.6 मिमी. दहा टाइल एका ओळीत लावल्या तर हिशेबाचे 20 फूट म्हणजे 6096 मिमी, प्रत्यक्षात भरतात 6000. जवळजवळ चार इंचांची पट्टी उरते आणि मग भिंतीलगत टाइलचे बारीक तुकडे लावावे लागतात. तुमचा हॉल मिमीमध्ये मोजा, टाइलच्या खोक्यावरचं मिमीतलं माप वाचा, मगच ऑर्डर द्या. प्लायचंही तसंच, 8 बाय 4 चा बोर्ड 2440 बाय 1220 मिमीचा येतो, म्हणजे थोडा मोठाच. सुताराला ते ठाऊक असतं, बिल तपासणाऱ्याला नसतं.

साइटवर सगळ्यांच्या टेपा एकमेकींशी जुळायला हव्यात असं मी सांगतो. सुताराची, तुमची आणि ग्रॅनाइटवाल्याची टेप पहिल्या दिवशी शेजारी पसरून 3 मीटरवर जुळवून घ्या. एखादी दोन मिमीने वेगळी निघाली तर तिच्यावर लाल टेप चिकटवा आणि ओट्याच्या, वॉर्डरोबच्या मापांना तिला हात लावू देऊ नका. वॉर्डरोबची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा, कारण जुन्या इमारतींच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. हे सगळं पुट्टी आणि फरशी झाल्यावर, आधी नाही.

लेझर छताची उंची, लांब हॉल आणि खोल्यांचं क्षेत्रफळ यासाठी फार सोयीचा आहे. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत, तो हिशेब लेझरने तासाभरात होतो. घेतलात तर एवढं बघा की माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरलंय की पुढच्या. बटण चुकून दाबलं गेलं तर यंत्राच्या लांबीइतका फरक पडतो. पण प्लायच्या कडेवर खूण करायला लेझर कामाचा नाही. म्हणून आधी टेप, मग जमलं तर लेझर.

गावाकडच्या घराला ही टेप पुरणार नाही, तिथे उन्हात लेझरचा ठिपकाही नीट दिसत नाही. आखणीसाठी वेगळी लांब टेप घ्या आणि ती 30 मीटरचीच घ्या. समजा 30 बाय 40 फुटांचं घर आखताय. त्याचा कर्ण बरोबर 50 फूट, म्हणजे 15.24 मीटर. 15 मीटरची टेप 24 सेंटीमीटरने कमी पडते, मग लोक दोन तुकड्यांत कर्ण मोजतात आणि तिथेच चूक शिरते. फायबरची टेप चिखलात, पाण्यात चांगली, पण जोरात ओढली की ताणली जाते, म्हणून दर वेळी सारख्याच हाताने ओढा. स्टीलची लांब टेप 20 अंश तापमानाला प्रमाणित केलेली असते. एप्रिलच्या दुपारी पट्टी 40 अंशांवर गेली तर 30 मीटरला सुमारे 7 मिमी वाढते. त्यामुळे आखणी सकाळी लवकर करा. कोपऱ्यात गवंड्याचा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून भागत नाही, तो लहान असतो. एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर आणि तिरपे 5 मीटर जुळवून दोरी बांधा, मग घराचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आल्याशिवाय चुन्याची फक्की टाकू नका आणि जेसीबी बोलावू नका.